चौदाव्या पानावरचं गवत

प्रति,
चंदगड आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या सर्व ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढे जे मागणार आहे ते मागायला मला तोंड राहील.

चंदगड तालुक्यातल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावच्या जैवविविधता समितीवर माझं नाव घातलं गेलं. अध्यक्ष धरून सात जण, त्यातल्या सहा सदस्यांत एक तृतीयांश बायका हव्यात असा तेव्हा नियम होता. बाई शिकलेल्या, सवडीच्या आणि अक्षर बरं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्याकडेही तसंच झालं असणार. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानं फर्मावलं की 31 जानेवारी 2020 पर्यंत देशातल्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडापेडांच्या नि जीवजंतूंच्या याद्या, पुऱ्या झाल्या पाहिजेत, नाहीतर राज्याला महिना दहा लाख रुपये भरावे लागतील. मग वरून खाली फोन सुरू झाले. आम्ही चावडीत बसून तीन संध्याकाळी नोंदवही भरली. आंब्याच्या जाती लिहिताना मात्र सगळ्यांना चेव आला होता. रायवळ आंब्याचीच अकरा नावं निघाली, आणि कुणाच्या परसातला आंबा गोड यावर दोघांत जुंपली.

चौदाव्या पानावर ‘गवते’ असा रकाना आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी विचारलं, काय लिहायचं? एक म्हातारबाबा म्हणाले, “गवतास आणि काय नाव असतंय? गवात म्हणून लिवा.” मी लिहिलं: ‘गवत – स्थानिक – उपयोग: चारा, शाकारणी.’ एक ओळ. विज्ञानाच्या बाईंच्या हातची.

ही ओळ मला आता झोपू देत नाही, कारण आपल्या तिलारी घाटात असं एक गवत आहे, जे जगातून संपलं असं शास्त्रज्ञांनी धरलं होतं.

त्याला मराठी नाव नाही. शास्त्रीय नाव हबर्डिया हेप्टान्यूरॉन. नाव अवघड आहे, पण सीताफळाला अनोना स्क्वामोसा म्हणणाऱ्यांना आपण घाबरत नाही, तर ह्यालाही घाबरायचं कारण नाही. हेप्टा म्हणजे सात, न्यूरॉन म्हणजे शीर. सात शिरांचं गवत. पुढे मी ‘सातशिरी’ म्हणते. हे नाव माझं, कुणी हक्कानं दुसरं सुचवलं तर मी सोडून देईन.

त्याची कथा गिरसप्पाच्या धबधब्यापाशी सुरू होते. आपल्या आजोबांच्या क्रमिक पुस्तकांत गिरसप्पा असायचा, आता त्याला सगळे जोग म्हणतात. शरावती नदी तिथे अडीचशे मीटर खाली उडी घेते. 1919 साली उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याचे दोन साहेब, एक सनदी नोकर सेजविक आणि दुसरे जंगलखात्यातले बेल, हौसेनं वनस्पती गोळा करत हिंडायचे. धबधब्याच्या तुषारांत सतत भिजणाऱ्या कातळावरून त्यांनी हे नाजूक गवत उचललं, दाबून सुकवलं आणि कागदावर चिकटवलं. तो कागद बत्तीस वर्षं तसाच राहिला. मग आपल्या वनसेवेत उमेद घालवलेले आणि पुढे लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती-उद्यानात गेलेले नॉर्मन बोर यांनी तो पाहिला. त्यांना ते कुठल्याच ओळखीच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसेना. 1951 साली त्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली आणि क्यूमधले गवतांचे जाणकार चार्ल्स हबर्ड यांचं नाव तिला दिलं.

इथून पुढे भाऊबंदकी सुरू होते, म्हणून जरा थांबते. शाळेत मला हाच भाग शिकवायला आवडायचा आणि अभ्यासक्रमात नेमका तो नसायचा.

गवतांचं कुळ अफाट आहे, जगात सुमारे बारा हजार जाती. भात, ज्वारी, ऊस, बांबू, हरळी, दर्भ सगळे त्यातलेच. एवढ्या मोठ्या घराण्यात कुळ, उपकुळ, मग जमात, मग प्रजाती, मग जात अशा पायऱ्या असतात. सातशिरीला प्रजाती तर मिळाली, पण ती कुणाच्या ओसरीवर बसवायची हे ठरेना. शेवटी हबर्ड यांनी एकट्या ह्या गवतासाठी वेगळी जमात काढली. ती छापून आली 1960 साली, बोर यांच्याच हिंदुस्थान-ब्रह्मदेशातल्या गवतांवरच्या जाडजूड ग्रंथात. एकानं दुसऱ्याच्या नावानं गवताला नाव दिलं, दुसऱ्यानं पहिल्याच्या पुस्तकात त्या गवताला घर बांधून दिलं. आपल्याकडे याला फिटंफाट म्हणतात.

पुढची पंचवीस-तीस वर्षं ते असंच एकटं राहिलं. 1986 साली क्यूच्याच क्लेटन आणि रेनव्हॉइझ यांनी जगातल्या गवतांच्या प्रजातींचा मोठा आढावा छापला, त्यातही एका प्रजातीची, एका जातीची ती जमात वेगळीच ठेवलेली आहे, बाजरी-वरीच्या उपकुळात. मग डीएनएचा जमाना आला आणि जुन्या वाटण्या मोडू लागल्या. वरी-बाजरीजवळची मानलेली काही नाजूक, दमट जागेतली गवतं मुळात त्यांची सख्खी नाहीतच असं दिसलं. त्यांची ऑस्ट्रेलियातल्या खडकांवर उगवणाऱ्या मायक्रेरा नावाच्या गवताशी सोयरीक निघाली. एकविसाव्या शतकातल्या वर्गीकरणांत सातशिरी ह्या मायक्रेराच्या उपकुळात, आयसॅक्नी जमातीत जाऊन बसली आहे. तिथे तिच्या पंगतीला आपल्या ओहोळांकाठी उगवणारी आयसॅक्ने ही गवतं आहेत, आणि केरळच्या पाण्यात तरंगणारं लिम्नोपोआही. हबर्ड यांनी बांधलेलं स्वतंत्र घर मोडलं, गवत मोठ्या वाड्यात एका खोलीत गेलं.

“मग खरं कोण?” असं एका मुलीनं मला मागे विचारलं होतं. मी म्हटलं, दोघेही आपापल्या पुराव्यापुरते खरे. हबर्ड यांच्याकडे भिंग होतं आणि सुकलेला फुलोरा होता. त्यांना जे वेगळेपण दिसलं ते आजही त्या फुलोऱ्यात आहेच. डीएनए सांगतो की वेगळेपणाखाली नातं आहे. चेहरा वेगळा म्हणून चुलतभाऊ परका होत नाही, एवढाच वाद.

मात्र हा वाद चालू होता तेव्हा गवत कुठे होतं? गिरसप्पाला नव्हतं. नंतर गेलेल्यांना ते सापडलं नाही. 1948 साली जोगला वीजघर सुरू झालं, 1964 साली वर लिंगनमक्कीचं धरण झालं, आणि वर्षातला बराच काळ शरावतीचं पाणी कड्यावरून पडण्याऐवजी नळांतून जाऊ लागलं. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात म्हणतात. इथे पूर बंद झाला आणि लव्हाळ्याहून लहान असलेलं एक गवत दिसेनासं झालं. दोन्हींचा मेळ ज्यानं त्यानं घालावा. जगात त्याचा दुसरा पत्ता माहीत नव्हता, म्हणून ते नामशेष समजलं गेलं. कागदावर जमातीसकट अमर आणि जमिनीवर शून्य.

ते परत सापडलं तुमच्या-माझ्या घाटात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना तिलारी घाटातल्या ओल्या कड्यावर ते दिसलं. डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नुसती बातमी देऊन काम थांबवलं नाही. त्यांनी ते वाढवलं, त्याचं बी धरलं आणि सह्याद्रीत योग्य वाटलेल्या जागांवर पुन्हा लावलं. त्याचा वृत्तांत 2009 साली करंट सायन्स ह्या शास्त्रीय नियतकालिकात आला. त्यानंतर 2012 साली अरुण चांदोरे, गोसावी आणि यादव यांनी महाराष्ट्रातूनच ह्या प्रजातीची दुसरी जात जगापुढे ठेवली, हबर्डिया डायान्ड्रा. डायान्ड्रा म्हणजे दोन पुंकेसरांची. एक अख्खी प्रजाती, तिच्या फक्त दोन जाती, आणि दोन्ही पश्चिम घाटातल्या. तुलना करून पाहा. वाघ आपल्याला प्राणाहून प्यारा आहे, असावाच, पण वाघाच्या प्रजातीत सिंह आहे, बिबट्या आहे, जग्वार आणि हिमबिबट्या आहे. सातशिरी आणि तिची ही बहीण गेली तर ते घर कायमचं बंद.

गेल्या ऑगस्टमध्ये माझा एक जुना विद्यार्थी, सध्या कोल्हापुरात एम.एस्सी. करतो, मला घाटात घेऊन गेला. नेमकी जागा मी लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. धुकं असं होतं की छत्रीचा दांडा दिसायचा आणि छत्री दिसायची नाही. रस्त्याच्या कडेला कातळ उभा कापलेला, त्यावरून पाणी पाझरत होतं. धार नव्हे, घाम फुटावा तसं. शेवाळ, नेचे, तेरड्याची चार रोपं, आणि त्यांच्यामध्ये एका बोटाएवढ्या फटीतून बाहेर वाकलेलं, पोपटी, इतकं लेचंपेचं गवत की पाण्याच्या थेंबानं त्याचं पान खाली जायचं, थेंब सुटला की वर यायचं. मी हात पुढे केला.

“बाई, हात लावू नका.”

“हे ते आहे का?”

तो गुडघ्यावर बसला, भिंग लावलं, बराच वेळ बघत राहिला. चष्म्यावरचं पाणी शर्टानं पुसून परत बघितलं. मग म्हणाला, “असेल, नसेलही. अजून फुलोरा नाही. पानावरून मी सांगितलं तर सर मला हाकलून देतील.”

मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला. पावसात तीन तास चालून उत्तर ‘असेल, नसेलही’! पण परतताना एसटीत लक्षात आलं की गवतापुरता मुद्दा इथेच संपतो. ते सातशिरी असो, तिची बहीण असो, किंवा साधं आयसॅक्ने असो, त्या कातळावर जेसीबीचा दात फिरला तर तिन्ही जातील. आणि फुलोरा यायच्या आतच गेलं, तर ते काय होतं हे सांगायला कुणी येणार नाही.

हे मी कल्पनेनं लिहीत नाही. दुसऱ्या एका घाटात मी डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळा संपता संपता दरडीची सफाई म्हणून कडेचा सगळा ओला कातळ खरवडून काढला होता. काम मनापासून केलेलं होतं, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. गटार मोकळं, भिंत कोरी, एक पातं शिल्लक नाही. मुकादमाला विचारलं तर तो भला माणूस म्हणाला, “मॅडम, गवतच तर होतं.” तेच मी नोंदवहीत लिहिलं होतं. त्याला कोणत्या तोंडानं बोलणार?

सातशिरी वर्षायू आहे. तिचा सगळा संसार एका पावसाळ्याचा: बी रुजणं, फुलणं, बी पडणं. म्हणून वेळेला फार किंमत आहे. उन्हाळ्यात त्या कड्याकडे पाहिलंत तर तिथे काहीच नसतं, कोरडा काळा दगड. पण बी फटीत असतं. मार्चमध्ये वणवा कड्यापर्यंत आला, मे महिन्यात कुणी फट सिमेंटनं बुजवली, ऑगस्टमध्ये तणनाशक मारलं, किंवा बी पडायच्या आधी कातळ खरवडला, ह्यांतलं एकही पुरतं.

तुम्ही म्हणाल, बाई, रस्ता नको का? हवा. बेळगावला दवाखान्यात न्यायचं असलं की मलाही घाट लागतो, आणि दरड कोसळून माणूस दगावलेला मी पाहिला आहे. रस्त्याचं काम थांबवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. काम निघायच्या आधी पंधरा दिवस समितीला कळवा, समितीनं विद्यापीठाला एक फोन करावा आणि कुणीतरी जाणत्यानं कड्यावर खडूची खूण करून जावं. शंभर मीटर भिंतीतली पाच मीटर सोडून दिली तर ठेकेदाराचं काही बिघडत नाही. गटार खालून काढता येतं.

ह्याला कायद्याचं बळ नाही असं समजू नका. 2002 च्या जैविक विविधता कायद्यात कलम 37 आहे. स्थानिक संस्थांशी बोलून राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आणि ते फार लांब घडलेलं नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात बोटभर मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी. 2021 साली त्या कुंडासह 2.11 हेक्टर जागा वारसा स्थळ झाली. दोडामार्गात बांबर्डे-हेवाळेची रानजायफळाची राई, जिथे झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर येतात, तीही वारसा स्थळ झाली आहे. तिथल्या लोकांनी देवाची राई म्हणून ती राखली होती, सरकारनं शिक्का नंतर मारला. दोन हेक्टरांत मासा मावतो. सातशिरीला तर दोन गुंठेही पुरे होतील, फक्त ते उभे हवेत, आडवे नव्हेत! सातबाऱ्यावर उभी जमीन कशी लावायची हा प्रश्न तलाठ्यांना विचारायला मला आवडेल.

मात्र एक धोका आहे आणि तो आपणच ओढवून घेऊ. वारसा स्थळ झालं की फलक लागतो, फलकाशेजारी सेल्फी येते. त्यातून ज्या गवताचा अख्खा ताटवा एका टेबलावर मावेल, त्याचे नमुने काढायला चार कॉलेजांच्या सहली आल्या तर जेसीबीची गरजच उरणार नाही. म्हणून जागा लिहिली नाही. तुम्हीही नोंदवहीच्या लोकांना दाखवायच्या प्रतीत लिहू नका. तिथे ‘पाझरते कातळकडे, घाटरस्ता’ एवढंच असू द्या आणि नेमकी खूण समितीच्या कपाटात ठेवा.

आता वर्गीकरणाच्या वादाचा आणि ग्रामपंचायतीचा काय संबंध, असं कुणी विचारेल म्हणून एक परदेशातली गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये ब्रोमस इंटरप्टस नावाचं गवत होतं, शेतातलं तणच म्हणा, फक्त त्या देशातलं. 1849 साली पहिल्यांदा गोळा केलं गेलं. गवताच्या फुलाला पाकळ्या नसतात, दोन खवले असतात. ह्याचा आतला खवला मुळापर्यंत चिरलेला, हीच त्याची खूण. हॅकेल नावाच्या ऑस्ट्रियन पंडितांनी त्याला दुसऱ्या एका साध्या गवताचा निव्वळ प्रकार ठरवलं, काही वर्षांनी ड्रूस यांनी स्वतंत्र जात. जात की प्रकार, स्वतंत्र की बिघडलेलं, यावर पुढेही खल होत राहिला. तेवढ्यात बियाणं स्वच्छ होऊ लागलं, शेतं बदलली आणि 1972 साली केंब्रिजजवळ ते शेवटचं दिसलं. संपलं. मग 1979 साली वनस्पतिप्रेमींच्या एका सभेला फिलिप स्मिथ नावाचे गृहस्थ एक कुंडी घेऊन आले. कुंडीत तेच गवत, जिवंत. 1963 साली त्यांनी थोडं बी गोळा केलं होतं आणि घरी लावत राहिले होते. त्या मूठभर बियांची प्रजा 2004 साली ऑक्सफर्डशरमधल्या एका राखीव माळावर परत पेरली गेली.

स्मिथ यांनी ते जात आहे की प्रकार, याचा निकाल लागायची वाट पाहिली असती तर कुंडी रिकामी आली असती. आपली जुनी माणसंही बी असंच धरत. पुढच्या पेरणीला लागेल म्हणून मडक्यात राख घालून ठेवायची, त्याचं लॅटिन नाव काय हे न विचारता.

पण नाव नको असंही माझं म्हणणं नाही. उलट. नाव नसल्यामुळेच मुकादम ‘गवतच तर होतं’ म्हणू शकला. कुसळी पायात शिरते म्हणून तिला नाव आहे, मारवेल आणि पवना गुरं आवडीनं खातात म्हणून त्यांना आहे, दूर्वा गणपतीला लागतात. ज्यानं कधी कुणाला टोचलं नाही, कुणाचं पोट भरलं नाही, त्याला आपल्या भाषेत जागाच नाही. ते नाव नोंदवहीतून येऊ शकतं. कायद्यानं नोंदवही ही लोकांची आहे, खात्याची नव्हे. तिच्यात आपण पुन्हा लिहू शकतो, पान जोडू शकतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक समितीनं एक ठराव घ्यावा. आपल्या हद्दीतले पाझरते कडे नोंदवहीत वेगळे लिहिले जातील, आणि तिथलं काम, जाळरेषा काढणं किंवा औषध मारणं समितीला विचारल्याशिवाय होणार नाही. मसुदा मी लिहून देते, दीड पान होईल. कोल्हापूरहून कुणी जाणतं माणूस ऑक्टोबरच्या आधी, फुलोऱ्याच्या वेळी आणायची खटपटही मी करते. त्यांच्या जेवणाचं माझ्याकडे. पावसात कड्याखाली उभं राहायला दोन धडधाकट पोरं आणि जमली तर चार जुनी इरली तेवढी तुम्ही द्या. रेनकोटचा तिथे उपयोग होत नाही, चष्मा आतून धुरकटतो.

माझ्या गावच्या समितीला वेगळं सांगते. नोंदवही चावडीतल्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, मतदारयाद्यांच्या खाली. किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई सोमवारी बाजाराला जातो. मी मंगळवारी दुपारी भिंग घेऊन येते. चौदावं पान काढून ठेवा, आणि म्हातारबाबांनाही बोलवा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर